कातडीची माया

मला फसवलं ते आमच्या डॉक्टरांनी. वजन उतरलं की पोटाची कातडी आपोआप जागेवर बसेल, असं ते मला सांगत राहिले; आणि ती बसणार नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाकी कुणी मला फसवलं नाही. सर्जनने नाही, नवऱ्याने नाही, आरशाने तर नाहीच.

मी शिवणकाम करते. आमचं घराणं बेंगळुरात नेमकं कधी आलं, हे आमच्यापैकी कुणालाही धड सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, त्यात निम्मी कन्नड असते, आणि पुण्याहून आलेली गिऱ्हाइकं ती ऐकून हसतात. हसू देत. वडील पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, एका दुकानाच्या पायरीवर पायमशीन चालवायचे. मी इंदिरानगरला एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये स्वतःचं ब्लाउजचं दुकान टाकलं. नव्वदनंतर त्या भागात ऑफिसं आली, बायका नोकरीला जायला लागल्या, रोज नवा ब्लाउज लागायला लागला, आणि माझ्या एका मशीनची पाच मशिनं झाली. यातलं काहीही मला कुणी आयतं दिलेलं नाही. घरमालकाशी भांडले, अस्तरवाल्याशी भांडले, दोऱ्याच्या रिळात दोरा कमी भरतो म्हणून एका व्यापाऱ्यासमोर अख्खं रीळ उलगडून टेपने मोजलं. भर बाजारात. तेव्हापासून तो मला बघितलं की आधी खुर्ची देतो.

दुकान वाढलं तशी मीही वाढले. दिवसभर कापायच्या टेबलापाशी बसायचं, जेवण तिथेच, चहा तिथेच. एकशेचार किलो झाले तेव्हा साखर सापडली.

डॉक्टर आमच्यातलेच, मराठी. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचा दवाखाना होता. ते सगळ्या बायकांना अक्का म्हणायचे, मी त्यांना अण्णा म्हणायची. वीस वर्षांचा संबंध. त्यांच्या बायकोचे ब्लाउज कायम माझ्याकडे.

"अक्का, चाळीस किलो उतरवा. अर्ध्या गोळ्या बंद करतो," ते म्हणाले.

"उतरवते. पण याचं काय होणार?" मी पोटावर हात ठेवला. "भरलेली पिशवी रिकामी केली की काय होतं ते मला माहीत आहे, अण्णा. झोल पडतो."

"कातडी म्हणजे कापड नव्हे. जिवंत असते ती. आपोआप आवळत येते. स्वल्प वेळ लागतो, एवढंच."

स्वल्प. या गावात जन्मून, या गावात धंदा करून, त्या शब्दावर मी विश्वास ठेवला. इथे रिक्षावाला 'स्वल्प पुढे' म्हणतो तेव्हा दोन मैल असतात. पण डॉक्टरांच्या तोंडी आला म्हणून मला तो खरा वाटला.

वजन मी उतरवलं. सोळा महिने लागले. सकाळी दुकान उघडायच्या आधी तळ्याभोवती तीन फेऱ्या, दुपारी नाचणीच्या उकडीचा एक गोळा, इथे त्याला मुद्दे म्हणतात, आणि पालेभाजीचं सार, संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा. मुहूर्ताच्या दिवसांत गिऱ्हाइकं पेढ्यांचे डबे आणायची, ते मी त्यांच्यासमोर उघडून दुकानातल्या पोरींना वाटून टाकायची. चौसष्टवर आले. साखर आटोक्यात आली. रस्त्यात ओळखीच्या बायका मला ओळखेनाशा झाल्या, आणि खरं सांगायचं तर ते मला फार आवडलं. जगात मी बऱ्याच गोष्टी हिसकावून घेतल्या आहेत, पण ही मी माझ्याच हातून हिसकावून घेतली होती.

कातडी मात्र बसली नाही. पोटाची घडी मांडीवर येऊन पडायची. साडी नेसताना ती दोन्ही हातांनी उचलून पेटीकोटमध्ये सारावी लागे, आणि मग नाडी. एप्रिल-मेमध्ये घडीच्या आत घाम साठून कातडी लाल व्हायची, सोलायची, वास यायचा. पावडर टाकून मी दुकानात उभी राहायची आणि शेजारी कुणी उभं राहिलं की अर्धं पाऊल मागे सरायची. दंडांचीही तीच गत. ब्लाउजच्या बाह्या मी कोपरापर्यंत नेल्या. आंघोळ करताना मान वर ठेवायची सवय लागली.

माझ्या पडद्याआड हजारो बायका उभ्या राहिल्या असतील. बाळंतपणानंतरच्या, आजारी, म्हाताऱ्या, एक छाती काढलेल्या. एकीच्याही अंगाची मला कधी किळस आली नाही. मापं घेताना अंग म्हणजे आकडा असतो आणि आकड्यात वाईट काही नसतं. स्वतःच्या अंगाला मात्र मला टेप लावावासा वाटेना.

नवरा सरळ माणूस. सरकारी कारखान्यात लेथवर होता.

"कोण बघणार आहे आता या वयात?" तो म्हणाला.

"मी बघते."

"मग बघू नकोस."

"तुमच्या लेथवर खराब माल निघाला की असंच म्हणता का साहेबाला?"

तो पेपर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

दर महिन्याला डॉक्टरांकडे वजन करायला जायची आणि दर महिन्याला विचारायची. पहिल्यांदा ते म्हणाले, खोबरेल तेल लावा, खालून वर चोळा. मग म्हणाले, पोटाचे व्यायाम वाढवा. मग म्हणाले, पाणी कमी पीत असाल. पुढे म्हणाले, अक्का, तुम्ही मनाला फार लावून घेता, त्यानेही उशीर होतो. मी सगळं केलं. तेल चोळलं, इतकं की पेटीकोटांचे कमरेचे पट्टे पिवळे पडले. उठाबशा काढल्या. आणि फरक पडेना तेव्हा मला वाटलं, मीच कुठेतरी कमी पडते आहे. एक वर्ष. वर्षभर मी स्वतःला नालायक समजले, ज्या गोष्टीत माझा काडीचाही दोष नव्हता त्या गोष्टीसाठी.

एका गिऱ्हाइकाने प्लॅस्टिक सर्जनचं नाव दिलं. मी गेले ती नुसती चौकशी करायला. दुकानात शिरलं म्हणजे माल घेतलाच पाहिजे असं नसतं.

सर्जन तरुण होता, कन्नड, बोलायला चोख. त्याने पोटाची घडी उचलली, चिमटीत धरली, सोडली. ती हळूहळू, आळसावल्यासारखी खाली गेली.

"अम्मा, ही परत जाणार नाही," तो म्हणाला.

"कधीच?"

"कधीच. आतलं इलॅस्टिक तुटलंय."

"तेल लावलं तर?"

तो हसला. वाईट हेतूने नाही; कुणी खुळा प्रश्न विचारला की हसू येतं तसं. त्या हसण्यात मला माझं अख्खं वर्ष दिसलं. राग इतका आला की कानशिलं तापली, पण राग ज्याचा त्याच्याकडे न्यायचा असतो. मी पदर सावरला आणि कामाचं विचारलं.

"कापणार कुठून?"

त्याने पेनाने माझ्या पोटावर रेघ ओढली, या खुब्यापासून त्या खुब्यापर्यंत, आम्ही खडूने ओढतो तशीच.

"किती इंच?"

"इंचात असं सांगता येत नाही."

"मी सांगते." पर्समधून टेप काढला आणि रेघेवर ठेवला. "बावीस."

"चोवीस धरा."

"अठरात बसवा."

"अठरात बसवलं तर दोन्ही टोकांना कातडी जमा होऊन उभी राहील, अम्मा."

"चोच निघेल म्हणता."

"काय निघेल?"

ब्लाउज अंगाला बसावा म्हणून कापड चिमटून शिवतो तो टक्स. तो अर्धवट आखूड घेतला की टोकाला कापड चिमटल्यासारखं उभं राहतं. आमच्या घरात त्याला चोच म्हणतात. मी त्याला ब्लाउजच्या टक्सवर दाखवलं. त्याने खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आम्हीही हाच दोष टाळतो. आम्ही त्याला कुत्र्याचा कान म्हणतो. तुम्ही काय करता?"

"ब्लाउज शिवते."

त्यानंतर तो माझ्याशी कारागिराशी बोलावं तसा बोलला. टाके आतून किती थरांचे, रेघ पेटीकोटच्या पट्ट्याखाली जाईल की वर येईल, बेंबीचं काय करणार. बेंबी नव्याने बसवावी लागते, म्हणाला. गळा बेतताना हात जरासा सरकला की तो कायमचा एका बाजूला जातो, हे मी पाहिलं आहे.

"आणि माया किती ठेवता?" मी विचारलं.

त्याला कळेना. मराठीत शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे मी त्याला कन्नडमध्ये समजावलं. अंग भरलं की शिवण उसवायची, मायेतलं कापड काढायचं. माया न ठेवता शिवणारा शिंपी फक्त आजचा विचार करतो, असं वडील म्हणायचे.

"आम्ही काही ठेवत नाही," तो म्हणाला. "कापलं ते गेलं. म्हणून तर वर्षभर वजन एका जागी राहिलेलं असल्याशिवाय मी हात लावत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून तसं पत्र आणा, महिन्या-महिन्याच्या वजनांसकट."

हे मला पटलं. सुती कापड आधी पाण्यात घालून आटवायचं आणि मगच बेतायचं. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हेच सांगते, आणि ऐकत नसेल तर कापड परत करते.

"आता दंडांचं," तो म्हणाला. "तेही एकदम करता येईल."

"शिवण कुठे येईल?"

"आतल्या बाजूने. काखेपासून कोपरापर्यंत."

"हात वर केला की दिसेल."

"स्वल्प दिसेल."

"बेडा," मी म्हटलं. नको. माझे हात दिवसभर टेप घेऊन वर असतात. दंड जसे आहेत तसे राहू देत. झोल मी बाहीत झाकते, शिवण झाकता येणार नाही.

निघताना मी आणखी एक मागणं केलं. त्याने शिवलेलं काम मला डोळ्यांनी बघायचं होतं. अल्बममधले फोटो नकोत. फोटोत तर आमचे ब्लाउजही झकास दिसतात. तो आधी नाही म्हणाला. दुसऱ्यांदा नाही म्हणाला. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी म्हणाला, कुणी स्वखुशीने तयार झालं तर कळवतो.

पंधरा दिवसांनी येलहंक्याहून एक शिक्षिका बस बदलून माझ्या दुकानात आली. तिनेही माझ्यासारखंच वजन उतरवलं होतं, ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती. मी तिला पडद्याआड नेलं. तिने साडी खाली सरकवली आणि कसलाही आडपडदा न ठेवता उभी राहिली.

पोट सपाट होतं. पुतळ्यासारखं नव्हे, पण सपाट. खाली ती रेघ, लालसर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डाव्या बाजूला शिवण सुरेख उतरली होती. उजव्या टोकाला चोच होती.

"ही दिसली का त्यांना?" मी विचारलं.

"दिसली. थोडं कापून सरळ करू म्हणाले. मी म्हटलं, पुरे आता."

"हात लावू?"

"लावा. तिथे मला काही कळत नाही. नाडी किती घट्ट झाली ते मला बघून बांधावी लागते."

मी बोट फिरवलं. ती छताकडे बघत उभी होती, जणू दुसऱ्या कुणाच्या पोटावर माझं बोट होतं. हे मला आवडलं नाही, आणि मी ते तिला सांगितलं.

"मलाही नाही आवडत," ती म्हणाली. "तीन आठवडे वाकून चालले. शिंक आली की उशी पोटाशी धरायची. सगळं सांगते तुम्हाला, लपवत नाही."

"मग पस्तावा?"

तिने साडी वर घेतली, निऱ्या खोचल्या. "आमच्या न्हाणीघरात खिडकी नाही. किती वर्षं मी दिवा न लावता आंघोळ केली. आता लावते."

एवढंच म्हणाली. मग पिशवीतून एक पैठणीचा तुकडा काढून गळा कसा घ्यावा ते विचारायला लागली.

त्या दिवसापासून माझा काटा हलला. पण पूर्ण कलला नव्हता, आणि का, ते मला आमच्याकडे हुक-काज करणाऱ्या बाईने दाखवलं. ती माझ्या नव्या ब्लाउजांना हुक लावत होती. बारीक झाल्यावर मी स्वतःसाठी सहा शिवले होते. तिने एक उलटा केला आणि शिवणीच्या आतलं कापड बोटांनी मोजलं.

"अक्का, एवढी माया? गिऱ्हाइकाला एक इंच, आणि स्वतःला तीन? ही कुणासाठी ठेवली?"

 हात आपोआप कापत गेले होते. एकशेचार किलोची ती बाई परत येणार म्हणून मी तिच्यासाठी सहाही ब्लाउजांत जागा ठेवली होती. तोंडाने मी सर्जनशी इंचांची घासाघीस करत होते आणि हातांना माझा भरवसाच नव्हता.

हुक-काजवालीच्या पुढ्यातून सहाही ब्लाउज उचलले. टेबलावर उलटे पसरले आणि मोठ्या कात्रीने दोन्ही बाजूंची माया अर्ध्या इंचावर आणून ठेवली. ती "अय्यो अक्का" म्हणत राहिली. पट्ट्या खाली पडल्या. मी ठरवलं: पोट करायचं, दंड नाही, आणि हे मी माझ्यासाठी करते आहे, कुणाला दाखवायला नाही.

मग पत्रासाठी डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात दोन-तीन पेशंट बसलेले होते. मी काय हवं ते सांगितलं.

"कशाला उगाच सुरी लावून घेता, अक्का?" ते म्हणाले. "आणखी स्वल्प थांबा. बसेल."

"सर्जन म्हणतो कधीच बसणार नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर्जनला कापायचंच असतं."

"अण्णा, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावायला लागले.

"माहीत होतं," ते म्हणाले. "चाळीस किलो म्हटल्यावर कातडी लोंबणारच. पण तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही उतरवलं असतं? साखर चढत चालली होती. मला तुम्हाला जिवंत ठेवायचं होतं."

"तो सौदा माझा होता. उतरवायचं की नाही ते मी ठरवलं असतं."

"आणि नसतं उतरवलं तर?"

इथे मी खोटं बोलणार नाही. नसतं उतरवलं असं होऊ शकलं असतं. मला अजूनही माहीत नाही. पण माल दाखवताना डाग झाकायचा आणि मग गिऱ्हाइकाच्याच भल्यासाठी झाकला म्हणायचं, हे मी दुकानात कुणाचं ऐकून घेतलं नसतं.

त्यांना चेव आला. "आणि तुम्ही काय करता? माझी बायको दर वर्षी जाडी होते. तुम्ही गुपचूप माया सोडता आणि तिला सांगता, माप तेच आहे. करता की नाही?"

बाकावर कुणीतरी हसलं.

"करते," मी म्हटलं. "पण ब्लाउज घरी जाऊन काढता येतो, अण्णा. आणि तुमच्या बायकोला मी कधी सांगितलं नाही की घट्ट होतोय तो तुझ्या आळसामुळे."

 त्यांनी माझं कार्ड ओढून घेतलं, बारा महिन्यांची वजनं बघितली आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "बघा, वर्षभर वजन स्थिर हवंच होतं. ते वर्ष फुकट नाही गेलं."

पत्र दिलं. मी घेतलं. ऑपरेशन झालं. तेवीस इंच, चोच नाही. बेंबी जराशी डावीकडे आहे, ते मी सर्जनला टाके काढायच्या दिवशीच सुनावलं. घडी गेली, सोलणं गेलं, शेजारी कुणी उभं राहिलं तर मी आता मागे सरत नाही. रेघेखाली अजून बधिर आहे. दंड लोंबतात आणि मला त्यांचं काही वाटत नाही. व्यवहार चांगला झाला आणि तो मी केला.

पण डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. ते आता दवाखान्यात बसत नाहीत, रस्त्यात भेटले की "काय अक्का, बऱ्या आहात ना?" म्हणतात आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढे जातात. म्हणून इथे लिहिते. अण्णा, सर्जनसारखं तुम्हीही आधीच खरं सांगितलं असतं तर मी तेच वर्ष थांबले असते, पण मान वर करून थांबले असते. तुम्ही मला तेल चोळायला लावलं, उठाबशा काढायला लावल्या आणि फरक पडेना तेव्हा पाणी कमी पिता, मनाला लावून घेता म्हणालात. तुम्ही मला जिवंत ठेवलंत, ते मी नाकारत नाही. पण मी स्वतःला बारा महिने नालायक समजले, ते कुणामुळे? माझ्यासमोर बसा आणि सांगा.